निसिरोस पाहण्याचा योग्य क्रम: विवर, गावे, किनारे आणि एका दैत्याची कथा

एजियन समुद्रातल्या निसिरोस या ग्रीक ज्वालामुखी बेटावर जाणारे बहुतेक प्रवासी शेजारच्या कॉस बेटावर मुक्काम करतात, सकाळच्या सहलीच्या बोटीने निघतात, मांद्राकी बंदरात उतरताच बसमध्ये बसतात आणि भर दुपारच्या उन्हात विवरात जाऊन पोहोचतात. तेथे पाऊण तास, मग बंदरावर जेवण, दोन-चार दुकाने, आणि दुपार कलताच परतीची बोट. वरची गावे पाहायची राहतात, किनाऱ्याला पाय लागत नाही, ज्या दंतकथेमुळे बेट ओळखले जाते ती बसमध्ये दोन वाक्यांत उरकली जाते, आणि घरी आल्यावर सांगायला एक मोठा खड्डा आणि गंधकाचा वास एवढेच उरते.

बेट जेमतेम ४१ चौरस किलोमीटरचे आहे, त्यामुळे एक दिवस पुरेसा होईल असे नकाशा पाहून वाटणे स्वाभाविक आहे. परंतु येथे अंतराला फारसे महत्त्व नाही. कोणत्या वेळी कोठे असावे याला आहे. खालील टप्पे किमान दोन रात्रींचा मुक्काम धरून लिहिले आहेत. तीन रात्री मिळाल्या तर त्या घ्याव्यात.

आधी बेटाची रचना डोक्यात बसवून घ्यावी, म्हणजे पुढचा क्रम आपोआप पटेल. निसिरोस म्हणजे समुद्रातून वर आलेली, उंच काठांची खोलगट परात आहे. परातीच्या तळाशी लाक्की नावाचे मैदान आणि त्यात स्तेफानोस हे मुख्य विवर आहे. काठावर एम्बोरिओस आणि निकिया ही दोन गावे आहेत, तर बाहेरच्या बाजूला समुद्रालगत मांद्राकी आणि पाली ही दोन. सर्वांत उंच शिखर, प्रोफितिस इलियास, ६९८ मीटरचे आहे. बेटावर विमानतळ नाही आणि नदीही नाही.

## टप्पा १: महिना आणि मुक्काम ठरवणे

मे, जून, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा योग्य काळ आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दोन अडचणी एकत्र येतात. पहिली उन्हाची, विवराचा पांढरट तळ ऊन परावर्तित करतो आणि खालची जमीनही तापलेली असते. दुसरी वाऱ्याची, मेल्तेमी नावाचा उत्तरेकडचा कोरडा वारा या दोन महिन्यांत दिवसचे दिवस जोरात वाहतो आणि लहान बोटी त्यामुळे रद्द होतात.

१५ ऑगस्टच्या आधीचे नऊ दिवस बेटावर वेगळेच असतात. काळी वस्त्रे नेसलेल्या स्त्रिया मांद्राकीच्या वरच्या पानागिया स्पिलियानी (गुहेतली मेरीमाता) मठात राहून उपवास आणि प्रार्थना करतात, आणि १५ तारखेला मोठा उत्सव होतो. हे पाहायचे असल्यास मुक्काम फार आधी निश्चित करावा लागतो, कारण परदेशी गेलेले निसिरोसकरही त्या आठवड्यात घरी येतात. ही स्त्रियांची उपासना आहे, पाहुण्यांसाठी मांडलेला कार्यक्रम नव्हे. म्हणून छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे, आणि नकार मिळाला तर कॅमेरा पिशवीत ठेवावा.

मुक्काम मांद्राकीत करावा. पाली शांत आहे आणि किनाऱ्याजवळ आहे, पण वाहन नसल्यास तेथे अडकून पडायला होते. निकियाला राहण्याचा मोह अनेकांना होतो. तो दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवावा.

## टप्पा २: कागदपत्रे, वाहन परवाना आणि पैसे

भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि प्रवासाच्या किमान पंधरा दिवस आधी तो पोहोचायला हवा. प्रत्यक्षात दोन-अडीच महिने आधी करणे शहाणपणाचे आहे. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरो वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा बंधनकारक आहे. एकाच सहलीत दोन-तीन शेंगेन देश असतील, तर ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. मुक्कामाच्या कागदांत निसिरोसच्या रात्रीही दाखवाव्यात. सगळ्या रात्री कॉसच्या दाखवून नंतर ऐन वेळी बदल करण्याने विनाकारण प्रश्न उभे राहतात.

सावधान. कॉसहून तुर्कस्तानातले बोद्रुम बोटीने तासाभरात गाठता येते, आणि बंदरावर त्या सहलीच्या जाहिराती सगळीकडे असतात. तुमचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर बोद्रुमला गेल्यावर कॉसला परत येता येणार नाही. सामान एका देशात आणि आपण दुसऱ्या देशात अशी अवस्था होते. व्हिसावर "किती प्रवेश" हा रकाना पाहिल्याशिवाय त्या बोटीचे तिकीट काढू नये. तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा लागतो हेही लक्षात ठेवावे.

बेटावर गाडी किंवा स्कूटर भाड्याने घ्यायची असल्यास निघण्यापूर्वी आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. तो एका वर्षासाठी असतो. येथे एक चूक वारंवार होते. परवाना फक्त चारचाकीचा काढला जातो आणि तेथे जाऊन स्कूटर मागितली जाते. दुचाकीचा प्रकार परवान्यावर नोंदलेला नसेल, तर अपघातानंतर विमा हात वर करतो. ग्रीसमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. बेटावरचे वळणाचे रस्ते आपल्या घाटांसारखेच आहेत, पण बाजू उलटी असल्यामुळे ज्या वळणावर आपला हात सवयीने आत जातो तेथेच समोरून वाहन येते. पहिल्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास सराव करून मगच वर चढावे.

रोख युरो जवळ बाळगावेत. वरच्या गावांत पैसे काढायचे यंत्र शोधत बसू नये. राहण्याच्या भाड्यावर दर रात्री सरकारी शुल्क वेगळे घेतले जाते, त्याबद्दल वाद घालू नये. ते ग्रीसमध्ये सर्वत्र आहे.

## टप्पा ३: कॉसहून मांद्राकी

अथेन्सहून कॉसला विमानाने सुमारे तासभर लागतो. कॉसहून निसिरोसला दोन बंदरांतून बोटी सुटतात. एक म्हणजे कॉस शहर, आणि दुसरे दक्षिण किनाऱ्यावरचे कार्दामेना. विमानतळ कार्दामेनाच्या जवळ आहे, कॉस शहर मात्र बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. बहुतेक जण विमानातून उतरून सवयीने मुख्य शहराची बस पकडतात आणि दुसऱ्या दिवशी बोटीसाठी पुन्हा उलट दिशेने येतात. म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवशीची बोट कोणत्या बंदरातून आहे ते पाहावे.

बोटींचे प्रकारही दोन. सहलीची बोट सकाळी जाऊन दुपारी परत येते. बेटकऱ्यांची नियमित बोट आणि मोठ्या फेरीबोटी वेगळ्या वेळी असतात, आणि त्यांचे वेळापत्रक वार आणि महिन्याप्रमाणे बदलते. तुम्हाला मुक्काम करायचा असल्याने एकेरी तिकीट लागेल. शक्य असेल तेव्हा दुपारची बोट घ्यावी, म्हणजे सहलीची गर्दी परत निघालेली असताना तुम्ही मांद्राकीत पाऊल ठेवता.

बोटीत उजवीकडे-डावीकडे पाहत राहावे, कारण दंतकथेचा पहिला भाग येथेच आहे. मध्ये याली नावाचे लहान बेट लागते. त्याचा एक भाग पांढराफटक दिसतो, ती प्युमिस दगडाची खाण आहे. हा दगड इतका हलका असतो की पाण्यावर तरंगतो. मागे कॉस, पुढे निसिरोस, आणि मधला समुद्र हे तिन्ही एका नजरेत येतात तो क्षण लक्षात ठेवावा.

तपासणी. परतीच्या विमानाच्या आदली रात्र कॉसवर ठेवली आहे का? वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर हीच एक रात्र विमान वाचवते. हा दिवस वाया गेला असे समजू नये.

## टप्पा ४: पहिली संध्याकाळ, मांद्राकी आणि स्पिलियानी

सामान ठेवून लगेच मठाकडे निघावे. मांद्राकीच्या पश्चिम टोकाला कड्यावर सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे एका ख्रिस्ती लढवय्या पंथाने, चौदाव्या शतकात बांधलेल्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि त्यांच्याच कुशीत, खडकातल्या गुहेत, पानागिया स्पिलियानीचे देऊळ आहे. स्पिलिया म्हणजे गुहा. त्यावरून हे नाव. वर जायला शंभराहून अधिक पायऱ्या आहेत, त्या चढताना सूर्य पश्चिमेला झुकलेला असावा.

खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे हवेत. आत बोलणे हळू, आणि आयकॉनला म्हणजे पवित्र चित्राला हात लावू नये. या चित्राबद्दल बेटावर सांगतात की ते खालच्या देवळात ठेवले असता नाहीसे होई आणि पुन्हा या गुहेतच सापडे, अखेर लोकांनी मेरीमातेची इच्छा ओळखून देऊळ येथेच केले. देवाने आपली जागा स्वतः निवडल्याच्या कथा आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यामुळे मराठी माणसाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. गुहेचा काळसर, ओबडधोबड खडक छताला तसाच ठेवलेला आहे आणि त्याखाली चांदीने मढवलेले चित्र समईसारख्या मंद दिव्यांत उजळते. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटे स्वस्थ उभे राहावे.

मठाच्या कड्याखालून पलीकडे गेले की खोखलाकीचा किनारा लागतो. हा वाळूचा नाही. नारळाएवढ्या आणि त्याहून मोठ्या, घासून गुळगुळीत झालेल्या काळ्या गोट्यांचा आहे. लाट मागे सरते तेव्हा गोटे एकमेकांवर घरंगळतात आणि खडखड असा लांबलचक आवाज येतो. तो ऐकायला जावे, पोहायला नव्हे.

सावधान. वरचा कडा ठिसूळ आहे. दगड कोसळण्याची सूचना लावलेली असेल किंवा वाट बंद केलेली असेल, तर तेथूनच परतावे. उत्तरेचा वारा असताना गोट्यांवर उभे राहून छायाचित्रे काढू नयेत; ओल्या गोट्यावर पाय सरकला की घोटा मुरगळतो, आणि गंभीर दुखापतीला बोटीने कॉस गाठावे लागते.

रात्रीच्या जेवणाआधी तीन कामे उरकावीत. दुसऱ्या दिवसासाठी वाहन निश्चित करावे, विवराची तिकीट खिडकी किती वाजता उघडते ते मुक्कामाच्या ठिकाणी विचारावे, आणि पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात. टॅक्सी फार थोड्या आहेत. सकाळी उठून टॅक्सी मिळेल या भरवशावर झोपू नये.

## टप्पा ५: दुसऱ्या दिवशी सकाळी, सर्वांत आधी विवर

या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा. सहलीच्या बोटी साधारण साडेदहा-अकराच्या सुमारास मांद्राकीला लागतात आणि त्यांच्या बस थेट विवराकडे सुटतात. म्हणून तुम्ही आठच्या आसपास विवरापाशी असावे आणि दहापर्यंत तेथून निघालेले असावे. सकाळच्या गार हवेत वाफेचे लोट ठळक दिसतात. दुपारच्या तापलेल्या हवेत तेच लोट विरून जातात. दुपारी गेलेले लोक "वाफ फारशी नव्हती" असे सांगतात त्याचे कारण बहुधा एवढेच असते.

पेहराव. जाड तळव्याचे, पाय पूर्ण झाकणारे बूट घालावेत. पातळ रबरी चप्पल गरम जमिनीवर निरुपयोगी ठरते. टोपी, पाणी, आणि नाकावर धरायला ओलसर रुमाल. हातातली चांदीची अंगठी, पैंजण, जोडवी मुक्कामावर काढून ठेवावीत. येथल्या वायूतल्या गंधकाने चांदी काळी पडते. घामाच्या हाताने डोळे चोळू नयेत.

उतरणे. स्तेफानोस सुमारे तीनशे मीटर रुंद आणि पंचवीस ते तीस मीटर खोल आहे. कडेवरून खाली नागमोडी पायवाट जाते. उतरण्यापूर्वी कडेवर उभे राहून तळाचा रंग वाचावा. करडा, घट्ट, पायाखाली मळलेला भाग चालण्याचा आहे. पिवळा भाग म्हणजे वाफेची तोंडे. ओलसर गडद भाग म्हणजे चिखल; तिकडे जायचे नाही. जेथे दोर बांधले आहेत त्या पलीकडे तर मुळीच नाही. वरून कोरडी दिसणारी पपडी खाली पोकळ असू शकते आणि तिच्याखाली उकळता चिखल असतो.

तळाशी. घाईने मध्यापर्यंत चालत जाऊन छायाचित्र काढून परतणे ही नेहमीची चूक. त्याऐवजी कडेच्या भिंतीजवळचे एखादे लहान वाफेचे तोंड निवडावे आणि सुरक्षित अंतरावर दोन पायांवर बसावे. तोंडाच्या कडेला गंधकाचे केसासारखे बारीक, लिंबासारखे पिवळे स्फटिक उभे असतात. त्यांच्यावर वाफेचे थेंब धरतात आणि गळतात. वाफेचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या आसपास असते, म्हणून हात पुढे करू नये आणि स्फटिक तोडू नयेत. बोट लागताच त्यांचा भुगा होतो आणि पुढच्या माणसासाठी काही उरत नाही. मग सगळ्यांनी एक मिनिट बोलणे थांबवावे. जमिनीखालून मोठ्या पातेल्यात आधण ठेवल्यासारखा खदखदणारा आवाज येतो. तळव्यांना ऊब जाणवते. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांवर गेलेल्यांना वास ओळखीचा वाटेल, फक्त येथे तो कित्येक पट तीव्र आहे.

सावधान. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने सखल जागी साचतो, आणि वारा पडला असता अधिकच. दमा असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि तान्हे मूल जवळ असलेल्यांनी खाली न उतरता विवराच्या काठावरूनच पाहावे; काठावरून दिसणारे दृश्य कमी प्रतीचे नाही. डोके जड झाले, मळमळले किंवा डोळ्यांत आग होऊ लागली की लगेच वर यावे. पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी उतरणे रद्द करावे.

वर आल्यावर बसकडे न वळता शेजारच्या लहान विवरांकडे चालत जावे. १८७१ ते १८७३ आणि पुन्हा १८८७ मध्ये येथे वाफेचे स्फोट झाले, त्यांतून यांतली काही विवरे तयार झाली. मोठ्या विवरापेक्षा येथे माणसे फार कमी असतात.

तपासणी. दहा वाजले का? बूट झटकून गाडीत बसावे.

## मध्येच, दंतकथेसाठी एक थांबा

कथा अशी. देव आणि महाकाय दैत्य यांच्या युद्धात पोलिव्होतिस नावाचा दैत्य समुद्रातून पळत सुटला. समुद्रदेव पोसायडनने त्याचा कॉसपर्यंत पाठलाग केला, आपल्या त्रिशूळाने कॉसचा एक तुकडा उपसून काढला आणि दैत्यावर फेकला. तो तुकडा म्हणजे निसिरोस. दैत्य अजून त्याखाली जिवंत गाडलेला आहे, आणि विवरातून येतात ते त्याचे सुस्कारे. प्राचीन भूगोलकार स्ट्राबोनेही ही कथा नोंदवली आहे, आणि या बेटाचा खडक जात्यांसाठी वापरतात हेही त्यानेच लिहून ठेवले आहे.

कथा सांगताना तीन चुका होतात. पोलिव्होतिसला टायटन, म्हणजे ग्रीक पुराणातल्या आधीच्या पिढीतल्या देवांपैकी एक, म्हटले जाते. तो टायटन नव्हे, त्यांच्यानंतरच्या महाकाय दैत्यांपैकी एक. दुसरी चूक म्हणजे सांतोरिनी या दुसऱ्या ज्वालामुखी बेटाशी जोडलेली, समुद्रात बुडालेल्या अटलांटिसची गोष्ट येथे चिकटवणे. तिचा निसिरोसशी संबंध नाही. तिसरी चूक कथेच्या जागेची. मुले बरोबर असतील तर ती आदल्या रात्री झोपताना सांगू नये. अर्धी बोटीत सांगावी, जेथून कॉस आणि निसिरोस दोन्ही दिसतात, आणि दैत्याच्या सुस्काऱ्यांचा भाग विवराच्या तळाशी, तो आवाज ऐकवल्यानंतर. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवल्याची कथा ऐकलेले मूल "हे खरेच घडले का?" हा पुढचा प्रश्न स्वतःच विचारील.

त्या प्रश्नाचे उत्तरही तयार ठेवावे. सुमारे १,६१,००० वर्षांपूर्वी कॉस आणि निसिरोस यांच्या दरम्यानच्या भागात एक प्रचंड उद्रेक झाला आणि त्याची राख व प्युमिस आजही कॉसच्या जमिनीत जाड थरांनी पडलेली आहे. या दोन बेटांच्या मधल्या समुद्रात काहीतरी भयंकर घडले होते, एवढे कथा आणि भूशास्त्र दोन्ही सांगतात.

## टप्पा ६: काठावरची दोन गावे

विवराकडून परत चढून निकियाला यावे. गाडी गावाबाहेरच थांबते. गल्ल्या माणसांपुरत्याच रुंद आहेत. प्रथम ज्वालामुखी संग्रहालय पाहावे. ते लहान आहे आणि बंद असण्याच्या वेळा बदलतात, म्हणून चालू दिसले की लगेच आत जावे. विवर आधी पाहून झालेले असल्याने तेथले आराखडे आता समजतात. उलट क्रमाने गेलेल्यांना ते नुसते फलक वाटतात.

मग पोर्ता हा चौक. तो गोलसर आहे, आणि जमिनीवर काळे-पांढरे समुद्रगोटे उभे बसवून नक्षी केलेली आहे. सभोवती पांढरी घरे, एका अंगाला देऊळ, मध्ये खुर्च्या. येथे कॉफी मागवावी आणि निदान अर्धा तास बसावे. चौकातून बाहेर पडून गावाच्या आतल्या कडेला गेले की ज्या विवरात आपण सकाळी उभे होतो ते सगळे मैदान खाली पसरलेले दिसते, आणि नेमक्या त्याच वेळी तेथे बसमधून उतरणारी माणसे मुंग्यांएवढी दिसतात.

ज्यांचे गुडघे बळकट आहेत त्यांच्यासाठी निकियाहून विवराकडे उतरणारी पायवाट आहे. खाली जायला सुमारे तास लागतो. ती घ्यायची असल्यास परतीचे वाहन आधी ठरवावे. उतरल्यावर परत चढणे ऐन उन्हात होते, आणि वाटेत पाणी नाही.

एम्बोरिओसला जेवणाच्या वेळी पोहोचावे. १९३३ च्या भूकंपानंतर या गावातले बहुतेक लोक खाली पालीला जाऊन राहिले. छप्पर नसलेली घरे आणि नव्याने दुरुस्त केलेली घरे आज एकमेकांना लागून उभी आहेत. पडक्या घरांत शिरू नये. ती कोणाची तरी मालमत्ता आहे आणि भिंतीही भरवशाच्या नाहीत. गावाच्या तोंडाशीच खडकात एक लहान खोलगट जागा आहे, तेथे जमिनीतून गरम दमट हवा येते. हे नैसर्गिक बाष्पस्नान आहे. पाच मिनिटे पुरे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी दारातूनच ऊब अनुभवावी.

शाकाहारी वाचकांसाठी. येथली पित्त्या ही हरभऱ्याची तळलेली वडी मराठी जिभेला लगेच रुचते. बदामाच्या सरबताला सुमादा म्हणतात, तेही घ्यावे. एका शब्दाबद्दल मात्र सावध राहावे. ग्रीक उपवासाच्या पदार्थांना निस्तीसिमा म्हणतात, आणि त्यात मांस, दूध, अंडी नसतात हे ऐकून आपण निश्चिंत होतो. पण कालवे, कोळंबी, ऑक्टोपस यांना त्या उपवासात मज्जाव नाही. म्हणून "निस्तीसिमा" म्हटल्यावर "समुद्रातले काही नको" असे स्पष्ट सांगावे.

तीन ते सहा ही ग्रीसमध्ये विश्रांतीची वेळ असते. दुकाने बंद होतात, गल्ल्यांत मोठ्याने बोलणे वाईट मानतात. ही वेळ गावात न घालवता पुढच्या टप्प्याकडे निघावे.

## टप्पा ७: दुपार कलल्यावर किनारा

पालीवरून पूर्वेकडे जाणारा रस्ता लिएस किनाऱ्यापाशी संपतो. तेथून पुढे टेकाडाच्या कडेने पंधरा-वीस मिनिटांची पायवाट पाखिया आमोसला जाते. नावाचा अर्थ जाड वाळू. गडद, तांबूस-काळसर वाळूचा हा विस्तीर्ण किनारा बेटावरचा सर्वांत सुंदर आहे असे माझे मत आहे. तेथे सावली नाही, दुकान नाही, पाणी नाही, जीवरक्षक नाही.

सकाळी-दुपारी येणाऱ्यांची चूक येथे पायांना कळते. काळी वाळू तव्यासारखी तापते. चारनंतर यावे. किनारा बेटाच्या पूर्व अंगाला असल्याने सूर्य मागच्या डोंगराआड लवकर जातो आणि वाळू निवू लागते. काही जण येथे तंबू ठोकून राहतात आणि काही विवस्त्र पोहतात. कुटुंबासह जाणाऱ्यांनी हे आधीच जाणून जावे, म्हणजे तेथे पोहोचून अवघडल्यासारखे होणार नाही. वाट चालायची नसेल तर लिएसवरच थांबावे.

सावधान. पाण्यात उतरताना रबरी बूट घालावेत, कारण खडकांवर समुद्री साळू असतात. लाटा मोठ्या असतील तर गुडघ्यापलीकडे जाऊ नये. पायवाटेवर दिवे नाहीत. उजेड असतानाच निघावे, आणि आणलेला प्रत्येक कागद-प्लास्टिक परत न्यावे. बेटावर पाणी आणि कचरा दोन्हींचा प्रश्न मोठा आहे.

रात्रीचे जेवण पालीच्या धक्क्यावर करावे. मीठ आणि गंधक दोन्ही अंगावरून गेलेले नसतात, तरी कोणी काही म्हणत नाही.

## टप्पा ८: शेवटची सकाळ, पालेओकास्त्रो

बोट दुपारची असेल तर सकाळी मांद्राकीतून चालत पालेओकास्त्रोला जावे. वीसेक मिनिटे लागतात. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातली ही तटबंदी काळ्या लाव्हाच्या प्रचंड चिऱ्यांची आहे, चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेली. बहुतेक प्रवासी तटावर चढून समुद्र पाहतात आणि परततात. तसे न करता आधी दरवाजापाशी थांबावे. दरवाजाजवळच्या भिंतीत एक कोरीव ग्रीक लेख आहे, त्याचा आशय असा की तटापासून पाच फुटांपर्यंतची जमीन सार्वजनिक आहे. म्हणजे तटाला टेकून कोणी गोठा किंवा घर बांधू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ती वाचण्याजोगी उठून दिसतात. दहानंतर ऊन समोर आले की तीच अक्षरे दगडात बुडतात.

दगडांवर चढू नये. तटाला पाठ करून उत्तरेकडे पाहिले तर याली आणि त्यामागे कॉस दिसते.

शेवटची तपासणी. आदल्या संध्याकाळी बोटीची वेळ पुन्हा विचारली होती का? विचारली नसेल तर तटावरून उतरल्यावर प्रथम बंदरावर जावे आणि मग सामान भरावे. बोटीत मागच्या बाजूला जागा धरावी. मांद्राकीची पांढरी घरे, वरचा मठ आणि त्यामागचा परातीचा काठ तेथून सर्वांत जास्त वेळ दिसत राहतो.